शस्त्रक्रियेची तयारी मुलांनीही करावी



१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. ते पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण होय. आज पंधरा वर्षांच्या मुलालाही आईचे वा वडिलांचे मूत्रपिंड मिळू शकते. अवयवांच्या खरेदी-विक्रीस मात्र १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घर धास्तावते. वडीलधारी मंडळी डॉक्टरांशी बोलतात आणि ज्याची शस्त्रक्रिया, तोच बाहेर बाकावर बसतो. हे योग्य नव्हे. त्यालाही आत बसवा. नवे मूत्रपिंड ओटीपोटात बसवितात, जुनी बहुधा तशीच ठेवतात, हे त्याला कळू द्या. दातांची तपासणी व राहिलेल्या लसी आधीच उरका. कारण नंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते आणि काही लसी घेता येत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, खरी परीक्षा घरी आल्यावर असते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रोज, ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्याच लागतात. बरे वाटू लागले, चेहरा सुजला, मित्रांत लाज वाटली, म्हणून काही मुले गोळ्या सोडतात आणि आईने दिलेला अवयव निकामी होतो. तेव्हा आतापासूनच गोळ्यांची नावे पाठ करा, वेळ स्वतः पाळा, शंका निःसंकोच विचारा.

आणि पालकांनो, "मी तुला मूत्रपिंड दिले" असे मुलाला ऐकवू नका. दिलेल्या दानाचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे नसते.