चोरून घातलेली वैरण

(वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय घोडा आहे असं कळल्यावर एका गृहस्थांनी मला दारातच विचारलं, "म्हणजे शिवकालीन का?" शिवकालीन नाही. पण सुरुवात तिथून करू, कारण त्या काळातले दोन शब्द मला आज उपयोगी पडणार आहेत: बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, त्यामुळे घोड्याच्या चंदी-वैरणीची काळजीही त्याचीच.

आता असं समजा, की चौदा शिलेदारांनी आपापले घोडे एकाच तबेल्यात बांधलेत. इंग्लंडमध्ये अशा जागेला लिव्हरी यार्ड म्हणतात. लेस्टरशायरमध्ये राहत असताना मुलीच्या हट्टापायी आम्ही एक तट्टू पाळलं आणि मी त्या जगात शिरले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मला तिथे रोज चिखल तुडवताना आठवायची.

लिव्हरीचे प्रकार असतात. जास्त पैसे मोजले तर यार्डची माणसं सगळं बघतात. आमच्यासारखे ‘डीआयवाय’वाले फक्त ठाणाचं आणि कुरणाचं भाडं भरतात. लीद काढणं, पाणी भरणं, गवत टाकणं, खरारा करणं, हे सारं ज्याचं त्यानं करायचं. दिवसातून दोनदा, पाऊस असो की बर्फ. पाचशे किलोच्या घोड्याला रोज साडेसात ते दहा किलो सुकी वैरण लागते, पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागतं, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावे लागतात. गंमत अशी, की घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेला तिकडे परवाना लागतो. नुसते दुसऱ्यांचे घोडे भाड्यानं ठेवणाऱ्या यार्डला इंग्लंडमध्ये लागत नाही.

आमच्या तट्टाच्या शेजारच्या ठाणात एक म्हातारा कुमैत घोडा होता. मालकीण पंचविशीतली. उन्हाळ्यात रोज यायची, गाणी म्हणत खरारा करायची. ऑक्टोबरनंतर तिच्या फेऱ्या विरळ झाल्या. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यानं, मग दहा-दहा दिवसांनी. घोड्याच्या अंगावर मात्र जाड झूल होती, छातीशी बंद, पोटाखाली पट्टे. लांबून बघणाऱ्याला घोडा नीटनेटका दिसायचा.

जानेवारीत एका सकाळी त्याची झूल सरकलेली दिसली म्हणून मी ती नीट करायला आत हात घातला. पन्हळी पत्र्यावरून फिरावा तसा हात बरगड्यांवरून खडखडत गेला. खांद्यावर झूल घासून कातडं सोललेलं होतं. एक पाय उचलला तर खुराच्या मधल्या मऊ भागातून कुजका वास आला. आणि तो घोडा माझ्या कोटाचा खिसा हुंगत राहिला, कारण त्या खिशात रोज गाजर असतं हे त्याला ठाऊक होतं.

हो, गाजर. मीच रोज द्यायचे, आणि आमच्या तट्टाच्या गवतातलं दोन मुठी गवतही. कुणाला न सांगता. दुसऱ्याच्या जनावराला परस्पर खायला घालणं तिकडे शिष्टसंमत नाही. त्याला पोटाचा विकार असला तर? औषध चालू असलं तर? म्हणून चोरून.

पुढे कळलं, की चोर आम्ही तिघी होतो. एक बाई सकाळी त्याची बादली भरायची, दुसरी रात्री उरलंसुरलं गवत टाकायची. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकट्याच बघतोय. दहा दिवसांनी मालकीण यायची तेव्हा बादली भरलेली आणि घोडा उभा. तिची समजूत, यार्डवाले बघतायत. यार्डवाला म्हणायचा, भाडं थकलंय, पण तगादा लावला तर पोरगी घोडा टाकूनच पळेल. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, या कोड्याचं उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्यानं. आमच्या यार्डवरही उत्तर तेच होतं. चौदा जणांच्या खिशात फोन होता, तो कुणीच फिरवला नव्हता.

त्या दिवशी आम्ही तिघी चहाच्या टपरीवजा खोलीत बसलो आणि एक वही काढली. तारीख, वेळ, पाणी होतं की नव्हतं, मालकीण आली की नाही, झूल काढून काढलेला फोटो. तिकडे घोड्याच्या अंगावरच्या मांसाला शून्य ते पाच असे गुण देतात. शून्य म्हणजे हाडांचा सापळा, तीन म्हणजे ठीक. आमच्या अंदाजानं हा एकवर होता. आधी मालकिणीशी बोललो. ती रडली, मग चिडली. नोकरी गेली होती, आई आजारी होती. दोन दिवस आली, पुन्हा बंद. मग प्राणिरक्षक संस्थेला फोन केला.

तिथला कायदा थोडक्यात सांगते. 1822 साली रिचर्ड मार्टिन नावाच्या खासदारानं घोडे आणि गुराढोरांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा पार्लमेंटात मंजूर करून घेतला. दोन वर्षांनी जी संस्था निघाली, तीच पुढे आरएसपीसीए झाली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो 2006 चा कायदा. त्याआधी जनावराचे हाल झाल्याशिवाय फारसं काही करता येत नसे. या कायद्यानं पाळणाऱ्यावर कर्तव्य टाकलं: योग्य खाणंपाणी, योग्य जागा, स्वाभाविक वागण्याची मोकळीक, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि दुखण्या-आजारापासून बचाव. मालक कायम जबाबदार. पण जनावर ज्याच्या ताब्यात असेल तोही जबाबदार धरला जाऊ शकतो. हे ऐकून आमचा यार्डवाला जरा सरसावून बसला.

संस्थेचा माणूस गणवेशात येतो, म्हणून लोकांना तो पोलीस वाटतो. तसं नसतं. घोडा ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसांचा किंवा स्थानिक प्रशासनाच्या निरीक्षकाचा, आणि सहसा पशुवैद्यानं ‘याचे हाल होतायत, किंवा असंच चाललं तर होतील’ असं प्रमाणित केल्यावर. तिथे आमची वही कामाला आली.

आपल्याकडे 1960 चा कायदा आहे. जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं त्यातही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्यात आज गवताची पेंढीही धड मिळायची नाही.

तर यार्डवर पशुवैद्य आला. झूल काढली, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "याला कोण घालत होतं?" आम्ही तिघींनी शाळेतल्या मुलींसारखे हात वर केले. तो म्हणाला, "तुमच्यामुळे हा जगलाय." आम्ही सुखावलो. मग तो म्हणाला, "आणि तुमच्यामुळेच मला यायला तीन महिने उशीर झालाय."

त्या वाक्याशी मी बरेच दिवस भांडले. गवत घातलं नसतं तर घोडा मेला नसता का? कदाचित मेला असता. पण कुणाला न कळता घातलं, म्हणून उपासमार इतरांना दिसलीच नाही. झुलीनं बरगड्या झाकल्या होत्या, आम्ही मालकिणीची गैरहजेरी झाकली.

शिवाय दयेलाही शास्त्र असतं. एक शेजारीण पोतंभर दाणा घेऊन धावत आली, तिला पशुवैद्यानं अडवलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम चंदी घातली, तर रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम झपाट्यानं घटतं आणि हृदय बंद पडून तो मरू शकतो. त्याला द्यायचा सुकवलेला लसूणघास, जो आपल्याकडे गोठ्यागोठ्यात असतो. पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो, मग दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढवत न्यायचं. रात्री दोनची पाळी माझी होती. दिव्याच्या उजेडात तो काडी न् काडी वेचून खायचा आणि ठाण चाटायचा.

मार्चमध्ये मालकिणीनं कागदावर सही करून घोडा संस्थेला दिला. त्याला न्यायला गाडी आली, तेव्हा ती आली होती. तिनं त्याच्या आयाळीत बराच वेळ तोंड खुपसून ठेवलं. मला तिचा राग आला नाही. ऑक्टोबरमध्येच कोणी तिला विचारलं असतं, "बाई, जमत नाहीये का?" तर?

तुमच्या गावात लिव्हरी यार्ड नसेल. पण जिना सामायिक असेल, गोठा सामायिक असेल, एखादी म्हातारी शेजारीण असेल, जिच्या दाराशी तीन घरांतून गुपचूप डबे जातात आणि मुलगा समजतो, आईचं छान चाललंय. डबा द्याच. पण मुलाला फोनही करा.

यार्डवर त्यानंतर एक फळा टांगला गेला. चौदा घोड्यांची नावं, आणि समोर कोणी काय घातलं ते. मी तिथलं यार्ड सोडलं त्या आठवड्यात फळ्यावर माझ्या शेजारणीच्या अक्षरात एक ओळ होती: ‘मंगळवार, तट्टू, एक गाजर.’