उजव्या बाजूची खुर्ची
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला इथे उभे केले ते आम्ही मोठे वक्ते आहोत म्हणून नव्हे. आमची थोरली मुलगी गेल्या वर्षी एका स्वस्त दराच्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून लागली. तेव्हापासून दूध आणायला निघालो तरी चार जण थांबवतात. "किती पैसे लागले?" "कोणाची ओळख होती?" "आमच्या पोराचं होईल का?" सचिव म्हणाले, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगून टाका. तर जे घडले ते, आमच्या चुकांसकट, सांगतो.

आधी हे फर्स्ट ऑफिसर म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आमच्या शेजारच्या काकूंना वाटले होते की पोरगी चहा-पाणी देते. विमानात दोन पायलट असतात. डाव्या खुर्चीवर कॅप्टन आणि उजव्या खुर्चीवर फर्स्ट ऑफिसर, ज्याला आपण को-पायलट म्हणतो. तो मदतनीस नसतो. एक फेरी कॅप्टन विमान चालवतो, तर पुढची बहुधा फर्स्ट ऑफिसर चालवतो, आणि जो चालवत नाही तो दुसऱ्यावर लक्ष ठेवतो. स्वस्त दराच्या कंपनीत विमान जमिनीवर उभे राहिले की तोटा. प्रवासी उतरले, नवे चढले, अर्ध्या तासात पुन्हा वर. तेवढ्यात विमानाला चक्कर मारून चाके, पंखे, इंजिन पाहून यायचे काम बहुतेक वेळा उजव्या खुर्चीकडे असते. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी डांबरावर ती चक्कर मारून बघा, मग पगाराचा हेवा करा.

आता आमची पहिली चूक. लायसन्स मिळाले की नोकरी मिळाली, असे आम्ही धरून चाललो होतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय अठरा पूर्ण, डीजीसीएचे पेपर, प्रत्येकात शंभरात सत्तर गुण, आणि २०० तासांचे उड्डाण, त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर. एवढे झाले की कमर्शियल पायलट लायसन्स हातात पडते. ते पडले त्या दिवशी आम्ही गल्लीत पेढे वाटले. पुढे दीड वर्ष पोरगी घरी होती, आणि ज्यांनी पेढे खाल्ले तेच विचारत होते, "विमान कुठाय?"

त्याचे कारण असे की २०० तास ती लहान विमानावर उडाली. कंपनीचे विमान म्हणजे एअरबस ए-३२०, त्यात १८० च्या वर माणसे. ते चालवायला त्या विमानाचे वेगळे शिक्षण लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. ते सिम्युलेटरमध्ये होते, म्हणजे जमिनीवरच्या, हुबेहूब विमानासारख्या हलणाऱ्या यंत्रात. काही कंपन्या निवड करून मग हे शिक्षण देतात, कधी उमेदवाराच्या खर्चाने, कधी करारपत्र घेऊन. काही जाहिरातींत आधीच टाइप रेटिंग झालेले उमेदवार मागतात. एका एजंटने आम्हाला सांगितले, परदेशात जाऊन रेटिंग करा, नोकरी मी लावतो. आम्ही पीएफचा अर्ज भरून ठेवला होता! सौभाग्यवतींनी तो फाडला म्हणून वाचलो. बंधूंनो, कंपनीची निवड हातात नसताना रेटिंगवर लाखो रुपये टाकणे म्हणजे इंजिन नसताना डबे विकत घेणे.

कारण हा धंदा आज भरतो, उद्या ओसरतो. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. गो फर्स्टकडे ए-३२० विमानेच होती. ती कंपनी बंद पडली आणि हजारो तास उडालेले तयार पायलट नोकरीच्या रांगेत आले. आमची मुलगी त्याच सुमारास अर्ज करीत होती. २०० तासवाल्यांना कोण विचारतो? ही वर्षे कोणाच्या हातातली नसतात. घर गहाण टाकताना हा काळही हिशेबात धरावा, एवढेच. आमचे घर अजून बँकेकडेच आहे, ते लपवायचे कारण नाही.

दुसरे म्हणजे वैद्यकीय तपासणी. हा मुद्दा आयाबहिणींनी लक्षात ठेवावा. आम्ही रेल्वेत इंजिनवर होतो. तिथे डोळ्यांची ए-वन तपासणी काय असते, ते रंगांच्या ठिपक्यांचे पुस्तक समोर ठेवले की भल्याभल्यांना कसा घाम फुटतो, ते आम्ही पाहिले आहे. पायलटलाही तेच. आधी क्लास टू, मग क्लास वन, आणि नोकरी लागली तरी ती तपासणी ठरलेल्या मुदतीने चालूच. म्हणून फ्लाइंग क्लबची फी भरण्याअगोदर ही तपासणी करून घ्या. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे चाळीस तास झाल्यावर रंग ओळखण्यातला दोष निघाला. चष्मा असला म्हणून लगेच निराश होऊ नये, पण घरच्या घरी अंदाज बांधून पैसाही भरू नये.

पैशाबद्दल थोडक्यात. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात कमर्शियल पायलटचे शिक्षण येते, हे पुष्कळांना माहीत नाही. उत्पन्नाची अट आहे. आम्ही पगारदार, त्यात बसलो नाही. जे बसतात त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी चौकशी करावी. तोंडी विचारले की तोंडीच परत पाठवतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षा असते आणि राखीव जागा असतात. आम्हाला ते कळले तेव्हा उशीर झाला होता.

आता अर्जाकडे येतो. कंपनीचा अर्ज म्हणजे नाव-गाव लिहून सही नव्हे. लायसन्स, मेडिकल, रेडिओचा परवाना, इंग्रजीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, पासपोर्ट, आणि सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे लॉगबुक. प्रत्येक उड्डाण कधी, कुठून, किती वेळ, कोणत्या विमानावर, हे त्यात लिहिलेले असते. आमच्या मुलीच्या लॉगबुकात एका पानाची बेरीज एक तास वीस मिनिटांनी चुकली होती, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पानांवर वाहत गेली होती. आम्ही दोघे बाप-लेक तीन रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तिने चूक खोडून लपवली नाही. एका रेघेने छेद देऊन, दुरुस्त आकडा लिहून, प्रशिक्षकाची सही घेतली. काही पोरे न उडालेले तास लिहितात, असे ऐकू येते. २०११ साली बनावट गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवल्याची प्रकरणे देशभर गाजली, काही पायलटांना अटक झाली. या धंद्यात कागदावरची लबाडी आज ना उद्या हवेत उघडी पडते, आणि तेव्हा मागे माणसे बसलेली असतात.

अर्ज मंजूर झाला की लेखी परीक्षा, मग मानसिक चाचण्या, कुठे गटचर्चा, सिम्युलेटरवर परीक्षा, आणि शेवटी मुलाखत. लेखी ती पास झाली. सिम्युलेटरही बरे गेले. आणि मुलाखतीत नापास झाली. हे सांगायलाच खरे तर आम्ही आज उभे राहिलो.

तिला विचारले, "कॅप्टन चुकतो आहे असं तुला दिसलं तर तू काय करशील?" ती म्हणाली, "सर, ते अनुभवी असतात. मी त्यांचं ऐकेन." झाले. पुढचे प्रश्न नुसते उपचाराचे.

घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, "मग बरोबरच बोललीस की!" तिने आमच्याकडे असे पाहिले की आम्हाला पुढे बोलवेना. मोठ्यांना उलटून बोलू नये, साहेबापुढे मान वर करू नये, नोकरी टिकवायची तर गप्प राहावे, हे तिला शिकवले कोणी? आम्हीच. आपल्या घराघरांतून हे शिकवले जाते. त्यामागे भीती असते, आणि ती भीती आपण उगाच बाळगलेली नाही. पण विमानाच्या उजव्या खुर्चीवर ती शिकवण घेऊन बसता येत नाही.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ जणांपैकी १५८ गेले, आठ वाचले. तीही स्वस्त दराचीच सेवा, दुबईहून येणारे कामकरी लोक पुष्कळ. चौकशी केली ती आपल्या मराठी माणसाच्या, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने. अहवालात लिहिले आहे की फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा "गो अराउंड", म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असे सांगितले. कॅप्टन थांबला नाही. आणि पुढे असेही लिहिले आहे की, को-पायलटने स्वतः विमान वर न्यावे की नाही याबद्दलच्या सूचना संदिग्ध असल्याने, त्याने सांगितले खरे, पण ताबा घेतला नाही. मुलीने तो भाग आम्हाला वाचून दाखवला. नंतर बराच वेळ घरात कोणी बोलले नाही.

मग आम्ही तिला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षे कोणालाच सांगितली नव्हती. आम्ही तेव्हा असिस्टंट ड्रायव्हर. पावसाळी रात्र, इटारसीकडे जाणारी गाडी. इंजिनवर नियमच असा की सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने उच्चारायचा, एकाने म्हणायचे, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. आम्हाला पिवळा दिसला. आम्ही म्हणालो, "यलो!" ड्रायव्हर साहेब म्हणाले, "ग्रीन आहे." आम्ही पुन्हा म्हणालो. त्यांनी शिवी दिली, जातीवरून दिली. आम्ही तिसऱ्यांदा ओरडलो आणि हात ब्रेककडे नेला. तेव्हा त्यांनी डोळे चोळून नीट पाहिले आणि ब्रेक लावला. पुढच्या लाल सिग्नलपाशी गाडी थांबली. पलीकडे मालगाडी उभी होती. खाली उतरल्यावर साहेब काही बोलले नाहीत, आणि आम्हीही ते मनात दाबून ठेवले, कारण उद्या पुन्हा त्यांच्याबरोबरच ड्यूटी होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, मुलाखतीचं उत्तर तुमच्याकडेच होतं की. तुम्ही ते सांगितलं का नाही?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढचे सहा महिने दर रविवारी या विहाराच्या अभ्यासिकेत तिची तयारी झाली, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली. दोन खुर्च्या लावायच्या. उजवीकडे ती, डावीकडे कोणीतरी कॅप्टन. पोस्टातून निवृत्त झालेले आपले काका कॅप्टन झाले की उठतच नसत, हौसच फार. ते मुद्दाम अंगावर ओरडायचे, "मला शिकवतेस काय?" आणि तिने आवाज न चढवता, न पाडता म्हणायचे, "कॅप्टन, वेग जास्त आहे." ऐकले नाही तर पुन्हा, अधिक स्पष्ट. तरी ऐकले नाही तर "आय हॅव कंट्रोल," म्हणजे ताबा मी घेतला. पहिल्या रविवारी तिच्या तोंडून शब्द फुटेना. काका वयाने मोठे, लहानपणी यांनीच तिला सायकल शिकवलेली! चौथ्या-पाचव्या रविवारी तिने असा ताबा घेतला की काका खरोखरच गप्प झाले.

इंग्रजीची भीती अशीच गेली. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत होती. पण कॉकपिटमधले इंग्रजी कादंबरीचे नसते. ठरलेले शब्द, ठरलेली वाक्ये, स्पष्ट उच्चार. मुलाखतीत अडली तर "प्लीज रिपीट" म्हणायला लाजायचे नाही, हे तिने पाठ केले होते. समजले नसताना मान डोलावणारा उमेदवार त्यांना नको असतो.

दुसऱ्या कंपनीत मुलाखत झाली तेव्हा तोच प्रश्न आला. ती काय बोलली ते तिने आम्हाला पूर्ण सांगितले नाही. इतकेच म्हणाली की, मंगळूरबद्दल बोलले, आणि एका रेल्वे ड्रायव्हरबद्दल बोलले. निकाल यायला पाच आठवडे लागले. त्यानंतर सिम्युलेटरवरचे शिक्षण, पोलिसांची पडताळणी, विमानतळाचा पास, मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रत्यक्ष फेऱ्या. करारपत्र आले तेव्हा सही करण्याआधी आम्ही ते आपल्या वस्तीतल्या वकिलांना दाखवले. किती वर्षांचा बाँड, मध्येच सोडले तर किती भरायचे, हे त्यांनी दोन ओळींत समजावून दिले. तुम्हीही दाखवा.

तिची अर्जाची फाईल, म्हणजे सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, मुलाखतीत आलेले प्रश्न, आणि आमच्या खर्चाचा खरा हिशेब, विहाराच्या ग्रंथालयातल्या कपाटात ठेवली आहे. सचिवांकडे नोंद करून तिथेच बसून वाचावी, घरी नेऊ नये. ज्यांना तिच्याशी बोलायचे असेल त्यांनी आमच्याकडे नाव द्यावे. अभ्यासिकेतल्या दोन खुर्च्या अजून तशाच आहेत आणि काकाही तयार आहेत. फक्त एक विनंती. नव्या नियमाने पायलटला आठवड्यातून सलग ४८ तास विश्रांती द्यावी लागते. त्या वेळी ती झोपलेली असते. दुपारी फोन उचलला नाही तर पोरीला गर्व झाला असे कृपया समजू नये, संध्याकाळी पुन्हा लावावा.

जयभीम.