कच्ची चिठ्ठी नको, पक्की पावती घ्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोर्ट म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. आजोबांनी लावलेला बांधाचा दावा नातू चालवतो, हे आपण गावोगाव पाहिले आहे. म्हणून सरकी उगवली नाही, ज्वारीच्या कणसात दाणा भरला नाही, तर आपण नशिबाला बोल लावतो आणि दुबार पेरणीसाठी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या एका दाराविषयी. जिल्हा ग्राहक आयोग. 2020 पर्यंत त्याला ग्राहक मंच म्हणत.

‘शेतकरी कुठला ग्राहक?’ हा बियाणे विकणाऱ्यांचा जुना सवाल. राष्ट्रीय बीज निगम, म्हणजे खुद्द सरकारचे महामंडळ, आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणणे काय, तर बियाणे प्रयोगशाळेत तपासलेच नाही, मग ते खराब कसे? जानेवारी 2012 मध्ये निकाल लागला. शेतकरी विकत घेतलेले सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी घरात ठेवत नाही; निगमला तपासून हवे होते तर आपल्याजवळचे त्याच लॉटचे बियाणे त्याने पुढे करायचे होते. बियाणे कायद्यात शेतकऱ्याला भरपाई देण्याची सोय नाही, म्हणून तो ग्राहक कायद्याखाली दाद मागू शकतो. निगमची अपिले फेटाळली गेली.

या आयोगात वकील लावलाच पाहिजे असे नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत तक्रार लिहा. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनीच्या शहराच्या खेपा घालायला नकोत. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आपल्यापैकी कोण पाच लाखांचे बियाणे घेतो? मुदत दोन वर्षांची. कंपनीने तीस दिवसांत उत्तर द्यायचे, फार तर आणखी पंधरा दिवस. त्यापुढे तिचे लेखी म्हणणे घेतले जात नाही. तारखा मात्र पडतात, ते आम्ही लपवत नाही.

आमचा स्वतःचा दावा आम्ही हरलो, तेही सांगतो. अकरा जणांची कपाशी फसली होती. दुकानदाराने कच्च्या चिठ्ठीवर बियाणे दिले, लॉट नंबर कुठेच नाही. रिकाम्या पिशव्या बायकांनी चुलीत घातल्या. त्यांना तरी काय माहीत? पंचनामा झाला, पण त्याची नोटीस कंपनीला गेलीच नव्हती. कंपनीचा वकील एवढेच म्हणाला, हे आमचे बियाणे कशावरून? आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. देत नसेल तर दुसरे दुकान पाहा. पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि जमलेच तर मूठभर बियाणे फडक्यात बांधून ठेवा. उगवण दिसली नाही की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पाहणीला विक्रेता व कंपनी दोघांनाही बोलवा, असे अर्जातच लिहा. पाहणी होईपर्यंत पीक मोडू नका. हे सर्वांत कठीण, कारण ओल निघून जाते. म्हणूनच अर्ज त्याच दिवशी द्यायचा.

ज्यांच्याजवळ यंदाच्या पावत्या आहेत त्यांनी सभा संपल्यावर मंडपाच्या मागे थांबावे. लॉट नंबर आहे की नाही, ते आत्ताच पाहून घेऊ.