कलमात नसलेली खुर्ची



उरण-पनवेलच्या आपल्या सभांतून सध्या एक इंग्रजी क्रियापद फार बोकाळलं आहे: इन्स्टिट्यूशनलाइज. आगरी बोली इन्स्टिट्यूशनलाइज करा, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचा वारसा करा, जासईच्या हुतात्म्यांची स्मृती करा. शुद्ध मराठीत बोलायचं ठरलं की त्याचं ‘संस्थात्मक रूप द्या’ होतं आणि टाळ्या पडतात. टाळ्या देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते ती एक इमारत, तिच्यावर ठळक पाटी आणि आत एक समिती, जिच्यात शक्यतो आपणच. माझं भांडण या समजुतीशी आहे. आज कुणाच्या मर्जीवर, धाकावर किंवा चांगुलपणावर चालणारी गोष्ट नियमात आणि पैशाच्या तरतुदीत अशी बसवायची की ती माणसं गेली तरी ती चालू राहावी, एवढाच या क्रियापदाचा अर्थ आहे. पाटीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

पुरावा लांब शोधायला नको. समोर न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २६ मे १९८९ ला ते सुरू झालं तेव्हा ते १९६३च्या कायद्याखालचं ट्रस्ट होतं. २०२१च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याने ते प्राधिकरण झालं. मधल्या काळात मंत्री आले-गेले, अध्यक्ष बदलले, एकेक टर्मिनल खासगी कंपन्यांच्या हाती गेलं. जहाज धक्क्याला लागायचं म्हणून कुणाच्या पाया पडावं लागलं का? नाही, कारण बंदराचा प्रत्येक हक्क कुठल्या ना कुठल्या कलमात लिहिलेला आहे. आता त्याच बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याकडे पाहा. उरणच्या ज्या हनुमान कोळीवाड्यात त्या कुटुंबांना नेऊन बसवलं, तिथे घरांना वाळवी लागली. दाराच्या चौकटी, छपराची लाकडं पोखरून निघाली. मग अर्ज, बैठक, आश्वासन. पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक. दशकांमागून दशकं गेली. दोन्ही गोष्टी एकाच प्रकल्पातून जन्मल्या. बंदराला कायदा मिळाला, कोळीवाड्याला शब्द मिळाला.

या रायगड जिल्ह्याने लढे कमी दिलेले नाहीत, पण सगळ्या लढ्यांचं पुढे सारखंच झालं नाही. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. त्याची आठवण आपण दरवर्षी काढतो, ती काढायलाच हवी. तीनच वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९३३ ला, अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या. सहा वर्षं शेतं पडीक राहिली, लोकांनी मोळ्या विकून पोट भरलं. तो संप नुसता आठवणीत उरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, पण १९३९चा कूळ कायदा आला आणि त्यामागून १९४८चा. कुळाचं नाव कागदावर चढलं, आणि तो कागद घेऊन ज्याला चरी कुठे आहे हेही ठाऊक नाही असा शेतकरीसुद्धा तहसीलदारापुढे ताठ उभा राहू शकला. ज्या क्रियापदाचा आपण एवढा जप करतो, त्याचा अर्थ कोशात बघण्यापेक्षा चरीत बघावा.

संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठीचा जासईचा लढा या दोहोंच्या मध्ये अडकला आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व निघालं. पुढे सिडकोच्या क्षेत्रात त्याची योजना झाली. बंदरासाठी जमिनी दिलेल्यांपैकी काहींच्या हाती मात्र इरादापत्र पडायला ऑगस्ट २०१४ उजाडला, तेही पंतप्रधान इथे आले तेव्हा. समारंभात मिळालेल्या हक्काला मी हक्क म्हणायला तयार नाही. समारंभ झाला नसता तर काय, हा प्रश्न त्यात राहतोच.

यावर आपलेच विचारी मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, नियमात बसवलं की चळवळ मरते. त्यांना दाखला देता येतो तो याच क्रियापदाचा: इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ माणसाला वेड्यांच्या इस्पितळात किंवा तसल्याच संस्थेत ठेवणं असा आहे, आणि तिथे बरीच वर्षं राहिलेल्याला मग बाहेर जगताच येत नाही. साडेबारा टक्क्यांचंही तेच झालं म्हणतात. पावणेचार टक्के सामाजिक सुविधांच्या नावाने कापून शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्केच आले, भूखंड बिल्डरांकडे गेले, आणि हुतात्म्यांच्या रक्ताची किंमत दलालांच्या जाहिरातीतला एक आकडा होऊन बसली. हे सगळं खरं आहे. पण ही कपात आपल्याला बोट ठेवून दाखवता येते ती कशामुळे? ती लिहिलेली आहे म्हणून. लिहिलेल्या अन्यायावर कोर्टात जाता येतं, मोर्चात नेमकं कलम धरून बोलता येतं. हनुमान कोळीवाड्याने दावा कशावर ठोकायचा? कुणाच्या गोड बोलण्यावर? नियम सडतो हे कबूल. सडलेला नियम दुरुस्त करायला चळवळ लागते हेही कबूल. म्हणून नियमच नको म्हणणं ही ज्यांच्या घराला वाळवी लागलेली नाही त्यांची चैन आहे.

दुसरा सूर नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा. १० जून २०२१ ला दि. बां.च्या नावासाठी आपण मानवी साखळी केली. ते नाव लागलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण नावाने मान मिळतो, कुणावर कर्तव्य पडत नाही. नाव लागलं म्हणजे दि. बां.चं काम संस्थात्मक झालं, असं या मंचावरून कुणी म्हणू नये. आगरी बोलीचंही तसंच. ‘संवर्धन व्हावे’ या ठरावाने ती टिकणार नाही. बोलीच्या कोशासाठी दरवर्षी किती रुपये, कुठल्या खात्यातून, आणि काम झालं नाही तर जाब कुणी द्यायचा, एवढं लिहा आणि मग बोला.

आता ठरावांकडे येतो. २०२१च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याचं कलम ३ बंदराच्या मंडळावर कोण बसणार ते सांगतं: अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचा एकेक सदस्य, दोन ते चार स्वतंत्र सदस्य, केंद्राने नेमलेला एक अधिकारी आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी. कर्मचाऱ्यांना ती जागा संघटनेच्या बळावर मिळाली, तिचं स्वागतच आहे. पण ज्यांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाडीवर हे बंदर उभं आहे, त्यांच्या नावाची खुर्ची त्या यादीत नाही. ‘प्रकल्पग्रस्तांना न्याय मिळावा’ हा आपल्या मसुद्यातला ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडू देणार नाही. त्याच्या जागी एकच ओळ घ्या: कलम ३ मध्ये दुरुस्ती करून प्रकल्पग्रस्त आणि मच्छीमार यांचा एक प्रतिनिधी मंडळावर घ्यावा. कायदा संसदेचा आहे, तेव्हा हा ठराव पालकमंत्र्यांना न पाठवता आपल्या खासदारांना पाठवा, आणि तो सभागृहात मांडणार का, याचं उत्तर त्यांच्याकडून लेखी मागा. सत्कार आणि शाली नंतर होतील. आधी मतदान घ्या.