जरा उजेडात दाखवा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला साडीच्या एखाद्या जुन्या दुकानात गिऱ्हाईक काय काय करतं, ते आठवून बघा. साडी उलगडली, की आधी चिमटीत धरून कापड चोळून पाहायचं. पदराची उलटी बाजू बघायची. दुकानातल्या माणसाला सांगायचं, "खांद्यावर टाकून दाखवा." आणि मग हमखास येणारं वाक्य, "जरा उजेडात दाखवा." साडी घेऊन बाई थेट दुकानाच्या दारापर्यंत जाते, कारण ट्यूबलाइटमधल्या रंगावर तिचा विश्वास नसतो. रंग जाईल का, आटेल का, ब्लाउजपीस आहे का, हे सगळं विचारून झालं, की मग भावाची घासाघीस.

आज मला बोलायचं आहे ते घरातून ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांविषयी. इन्स्टाग्रामवर कुर्ते, व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या, स्वतःच्या छोट्याशा वेबसाइटवर खणाचे फ्रॉक. यांच्या गिऱ्हाइकाला कापडाला हात लावता येत नाही आणि दारही नसतं. विक्री मंदावली, की यातले बहुतेक जण आधी जाहिरातीवर पैसे घालतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. जाहिरात माणसं आणते, आलेली माणसं बघतात आणि काही न घेता निघून जातात. माल वाईट असतो म्हणून नव्हे, तर मनातली शंका फिटलेली नसते म्हणून. तेव्हा विक्री वाढवायची, तर आधी दुकानातला तो स्पर्श आणि तो उजेड फोनच्या पडद्यावर कसा आणायचा, याचाच विचार करायला हवा.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा कुर्ता क्रीम दिसतो. फोनचा कॅमेरा जांभळ्याला निळ्याकडे ढकलतो आणि भडक लाल रंगात विणीचे बारकावेच बुजवून टाकतो. यावर महागडा कॅमेरा हा उपाय नाही. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन येत नसेल अशा जागी फोटो काढा, दिवे बंद ठेवा आणि फिल्टर तर लावूच नका. कापडाच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत कागद पिवळट दिसला, तर कापडाचा रंगही खोटा आला आहे, असं समजा. आणि धूपछाव कापडाचा एकच फोटो टाकणं तर चूकच. त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. समोरून मोरपंखी दिसलेली साडी बाजूने वांगी रंगाची दिसते. तिचं सौंदर्य त्यातच आहे, पण आधी न सांगितल्यास तीच तक्रार होते. अशा साडीचा पदर उजेडात हळूच हलवून पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, तर चार ओळींच्या वर्णनाचं काम तो करतो.

पदराची उलटी बाजूही दाखवा. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रावर विणलेल्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. जाणकार बाई हेच बघते. तुमची साडी सेमी पैठणी असेल, तर सेमी म्हणूनच विका. तिलाही गिऱ्हाईक आहे आणि भरपूर आहे. पण नुसतं 'पैठणी' लिहून सेमी पाठवली, तर ती बाई पुन्हा येत नाही आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणीही येत नाहीत. खणाचंही तसंच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा खण वेगळा आणि खणाची नक्षी उचललेलं कृत्रिम धाग्याचं कापड वेगळं. दोन्ही विका, पण कोणतं काय ते लिहा.

आता मापं. इथे सगळा घोळ आहे. आपल्याकडे एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढा भरतो. भारतीय अंगलटीची स्वतःची प्रमाणित मापं असावीत, म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने देशातल्या सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची शरीरं थ्रीडी स्कॅनरने मोजण्याचा प्रकल्पही हाती घेतला. पण घरगुती विक्रेत्याने त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. टेप घ्या, कुर्ता सपाट टेबलावर पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. ते १९ इंच भरलं, तर कपड्याची छाती ३८. मग स्पष्ट लिहा की हे कपड्याचं माप आहे, अंगाचं नव्हे. छाती ३८ असलेल्या बाईला नेमका ३८चा कुर्ता घट्ट होणार. अंगाला थोडी सैल जागा लागते, तेव्हा ३६ छातीच्या बाईने तो घ्यावा, हेही सांगा. उंची, बाहीची लांबी, दंडाचा घेर आणि स्लिट कुठून सुरू होते, हे सगळं द्या. दंडाचा घेर तर फार कमी लोक देतात. छाती बसते आणि बाही दंडात अडकते, म्हणून परत येणारे कपडे काही थोडे नसतात. तयार ब्लाउज असेल, तर आत किती मार्जिन आहे आणि उसवून कितीपर्यंत वाढेल, हा बायकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर फोटोखालीच असू द्या. अंगावर घालून काढलेला फोटो असेल, तर घालणारीची उंची आणि तिने घातलेला साइझ लिहायला विसरू नका. साडेपाच फुटी मुलीच्या गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता पाच फुटी बाईच्या पोटरीपर्यंत पोचतो.

'किंमत विचारण्यासाठी मेसेज करा' ही पद्धत मला अजिबात पटत नाही. विचारणाऱ्याला उगाच वाटतं, आपला चेहरा बघून भाव ठरणार. शिवाय २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नियमित व्यवसाय करणाऱ्याने सर्व खर्च धरून एकूण किंमत दाखवायची असते. माल सदोष निघाला किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. अनेक इन्स्टाग्राम पानांवर 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. सदोष मालाच्या बाबतीत त्या ओळीला काही अर्थ उरत नाही. नवीन गिऱ्हाइकाला मात्र ती पळवून लावते. त्यापेक्षा साइझ बदलून मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे तीन वाक्यांत लिहा.

राज्याबाहेर माल पाठवणार असाल, तर जीएसटी नोंदणीचं आधी बघा. उलाढाल कमी असली, तरी राज्याबाहेरच्या विक्रीला सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत आहे. एखाद्या चांगल्या कर सल्लागाराशी एकदा बोललात, तर हा विषय मिटतो.

आता जरा हिशोब मांडू, कारण विक्री वाढली आणि हातात काही उरलंच नाही, असंही होतं. समजा, ८०० रुपयांचा कुर्ता आहे. माल ५२०ला पडला, कुरिअर ८०, पिशवी आणि लेबल २०. कर बाजूला ठेवला, तर उरले १८०. आता 'डिलिव्हरीच्या वेळी पैसे' म्हणून दिलेली एक ऑर्डर दारातूनच परत आली. जाण्याचे ८०, येण्याचे ८०, पिशवीचे २०, झाले १८०. म्हणजे परत आलेलं एक पार्सल एका विक्रीचा सगळा नफा खाऊन टाकतं. म्हणून अशी ऑर्डर आली, की पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता, साइझ आणि रंग पुन्हा विचारून घ्या. उत्तरच आलं नाही, तर पार्सल थांबवा. यूपीआयने आधी पैसे भरणाऱ्याला ३० रुपये सूट दिलीत, तरी ते स्वस्तात पडतं.

पॅकिंगमध्येही पैसे जातात आणि कळत नाही. बऱ्याच कुरिअर कंपन्या खऱ्या वजनाबरोबर आकाराचं वजनही काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं आणि दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. तीनशे ग्रॅमचा कुर्ता ३० बाय २५ बाय १०च्या खोक्यात घातलात, तर दीड किलोचे पैसे भरावे लागतात. तोच घडी करून तीन सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत मावला, तर अर्ध्या किलोच्या आत बसतो. खोकं छान दिसतं हे मान्य. पैठणीला जरूर द्या. रोजच्या कुर्त्याला नको.

'फक्त दोन शिल्लक' हे वाक्य खरं असेल, तरच वापरा. खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवण्याचा एक प्रकार म्हणून नोंदवलेला आहे, आणि लोकांनाही आता ते ओळखू येतं. मैत्रिणींकडून पाच-पाच तारे लिहून घेण्यापेक्षा खऱ्या गिऱ्हाइकाला तिने साडी नेसलेला फोटो मागा, तिची परवानगी घ्या आणि तो टाका. घरच्या सोफ्यासमोर काढलेला तो साधा फोटो मॉडेलच्या फोटोपेक्षा जास्त साड्या विकतो, कारण बघणाऱ्या बाईला तिथे स्वतःसारखी कोणीतरी दिसते.

परत आलेल्या मालाची एक वही ठेवा. तारीख, कपडा आणि कारण, एवढंच. 'बाही घट्ट' असं पुन्हा पुन्हा आलं, तर शिंप्याशी बोला. 'रंग वेगळा' असं आलं, तर फोटो बदला. जाहिरातीला हात घालायचा, तो ही वही जराशी रिकामी राहू लागल्यावर.

आणि सणांचं. संक्रांतीची काळी साडी, नवरात्रातले नऊ रंग, पाडव्याची खरेदी; आपल्या लोकांची खरेदी पंचांगावर चालते. तरी ऐन सणाआधी दुकानाच्या पानावर 'अमुक तारखेपर्यंत ऑर्डर दिलीत तरच सणाला पोचेल' ही ओळ क्वचितच दिसते. ती टाका, आणि कुरिअरला लागणाऱ्या दिवसांत दोन दिवस वाढवून टाका. ती तारीख उलटल्यावर कोणी काळी साडी विचारली, तर 'पोचेल की' म्हणू नका. संक्रांतीला मिळणार नाही, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा नेसता येईल, असं सांगा. लहान बाळाच्या बोरन्हाणाचे काळे कपडेही तोवर लागतात. हे खरं सांगितलंत, तर शिल्लक राहिलेली काळी साडी १४ जानेवारीनंतरही जाते.