आजींचे सहा हजार

मी एरंडोलचा, कॉमर्स शिकवणारा निवृत्त मास्तर. 2019 सालची गोष्ट. गल्लीतल्या एक आजी बँकेचा कागद घेऊन आल्या. ठेवीच्या 60 हजार व्याजातून 6 हजार कर कापलेला. "मनं काय चुकनं, सर?" चूक एवढीच, की आपले उत्पन्न करपात्र नाही हे सांगणारा तेव्हाचा 15 एच फॉर्म त्यांनी बँकेत दिला नव्हता.

बी.कॉम.ची दोन मुले मदतीला बसली. कापलेली रक्कम आधी 26 एएसमध्ये तपासली, मग विवरणपत्र भरले. काही आठवड्यांत पैसे खात्यात आले. आधीच्या दोन वर्षांचे मात्र अडकले. मुदत टळली होती.

अशा मदतीसाठी आपल्या सरकारने 2006 साली पदवीधरांना प्रशिक्षण देण्याची योजना आणली. अमेरिकेत 'व्हिटा' उपक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक, त्यांत विद्यार्थीही, पन्नासहून अधिक वर्षे हे काम विनामूल्य करतात. मग आपल्या कॉलेजांनी जुलैत आठवड्यातून एक दिवस का देऊ नये?

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पासवर्ड ज्याचा त्याच्याजवळच राहावा. आणि पाठवण्याआधी प्रत्येक आकडा वाचून दाखवावा. कारण भरले कोणीही, तरी जबाबदारी करदात्याचीच.

श्रोतेहो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे पासबुक आज एकदा उघडून पाहा. न जाणो, तुमच्याही आजींचे सहा हजार अडकले असतील.