सांधा वेळेवर लावायला हवा

(मंडळाच्या गणेशोत्सवात, तरुण कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी पडलो रेल्वेचा डिप्लोमा इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांतच वीसेक वर्षे गेली. भाषण करणे हे माझे काम नव्हे. पण चिटणीसांनी 'नोकरीतली दिशा' असा विषय दिला आणि म्हणाले, "पुस्तकातलं नको, तुमच्या अनुभवातलं सांगा." म्हणून उभा आहे.

भिलाईला हा विषय नवा नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात आपले इंजिनिअर रशियात जाऊन शिकून आले. इथे रशियन तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून कितीतरी जण काम शिकले. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आले, तेव्हा त्यांनी पोलादाचा कारखाना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हुशारी त्यांच्यात होतीच. कोणीतरी शेजारी उभे राहून "आता हे शीक, मग ते शीक" असे सांगितले, म्हणून ती कामी आली.

आता माझी एक चूक सांगतो. सांगताना आजही संकोच वाटतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हाताखाली एक ट्रॅकमन होता. बी.एस्सी. झालेला. घरी अडचण, म्हणून मिळेल ती नोकरी धरलेली. पावसाळ्यात रात्री गस्त घालायचा, दिवसा जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडायचा. एकदा खात्यांतर्गत परीक्षेचे पत्रक आले. मी वाचले, 'उद्या बोर्डावर लावू' म्हणून फाइलीत ठेवले आणि विसरलो. विसरलो हे अर्धेच खरे. गँगमध्ये माणसे कमी होती. चांगला माणूस गेला तर काम कोण करणार, हा विचारही मनात होता. त्याला कळले तेव्हा अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "साहब, एक बार बता देते." आणि हातोडा उचलून लाइनवर गेला.

पुढची परीक्षा निघाली तेव्हा वडिलांच्या आजारपणात त्याला अभ्यास जमला नाही. त्यानंतर वयोमर्यादा ओलांडली. माझ्या टेबलावरच्या एका कागदाने एका माणसाची वाट बदलली.

यार्डात काम केलेल्यांना सांधेवाला माहीत आहे. इंजिनात कितीही ताकद असो, गाडी कोणत्या लाइनवर जाणार ते सांध्यावर ठरते. आणि गाडी सांध्यावर आली की मग तो बदलता येत नाही. आधीच लावून, कुलूपबंद करून ठेवावा लागतो. वरिष्ठाचे काम सांधेवाल्याचे आहे. गाडी त्याची, ताकद त्याची. आपण फक्त सांधा वेळेवर लावायचा.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. प्रत्येक माणसासाठी एक पान. वर्षातून एकदा चहा पाजून त्याला तीन गोष्टी विचारतो. एक, तुला कोणते काम करावेसे वाटते? दोन, नियमाने तुला कोणते दार उघडे आहे? म्हणजे शिक्षण, वय, सेवेची वर्षे आणि वैद्यकीय श्रेणी. तीन, घरचे काय म्हणतात, बदली झाली तर चालेल का?

दुसरा प्रश्न कोरडा वाटतो, पण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. एका मुलाने दोन वर्षे लोको पायलटच्या परीक्षेचा अभ्यास केला. त्याला लांबचा चष्मा होता. त्या पदाला ए-१ श्रेणी लागते, चष्म्याशिवाय नजर पक्की हवी, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही बसून दुसरी वाट शोधली. आज तो ज्युनिअर इंजिनिअर आहे. सातव्या वेतन आयोगात लेव्हल-१ चे मूळ वेतन १८,००० रुपयांपासून सुरू होते आणि ज्युनिअर इंजिनिअरचे ३५,४०० पासून. एका योग्य सल्ल्याची किंमत यावरून करा.

दुसरा गैरसमज पगारवाढीचा. १०, २० आणि ३० वर्षांनी एम.ए.सी.पी. मिळते, तेव्हा पुष्कळांना वाटते की आपण पुढे गेलो. पगार वाढतो हे खरे, पण पद आणि काम तेच राहते. ज्याला वेगळे काम हवे त्याने अभ्यासच करायला हवा.

तिसरे, जुन्या माणसांच्या आठवणीवर विसंबू नका. आमच्या वेळी डिप्लोमावाल्याला सगळे सांगायचे, "ए.एम.आय.ई. कर, डिग्रीच्या बरोबरीची." ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती मान्यता राहिली. म्हणून मलाही विचारा, पण ताजे परिपत्रक स्वतः वाचा.

आणि दिशा म्हणजे फक्त वर जाणे नव्हे. माझ्या एका मेटला मी परीक्षेचा फार आग्रह केला. तो म्हणाला, "साहेब, मला खुर्ची नको. लाइनवरून चाललो की कुठे दबलंय ते पायाला कळतं." त्याच्या पानावर मी लिहिले, 'इथेच समाधानी आहे.' नव्या मुलांना मी त्याच्याकडेच शिकायला पाठवतो. तेही करिअरच आहे.

इथे प्लांटमधले, रेल्वेतले, बँकेतले, शाळेतले अनेक ज्येष्ठ बसले आहेत. आपल्याला विनंती आहे, या दहा दिवसांत मंडपात एक टेबल ठेवू या. संध्याकाळी आरतीनंतर तासभर दोघा-तिघांनी बसावे, मुलांनी कागद घेऊन यावे. पैसा लागणार नाही, वेळ लागेल. आणि तरुणांनो, विचारायची लाज बाळगू नका. माझ्या त्या ट्रॅकमनने दर आठवड्याला येऊन विचारले असते तर, असे कधी कधी वाटते. पण मग आठवते की सांगणे हे माझे काम होते.

तो आता मेट झाला आहे. गेल्या वर्षी मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मुलगा पॉलिटेक्निकला आहे. म्हणाला, "साहब, इसका भी एक पन्ना बना दीजिए." मी त्याच्यासमोर बसून ते पान लिहिले.

बुद्धीच्या देवतेसमोर बोलतो आहे, म्हणून मागणेही तेच मागतो: आपल्याला ठाऊक असलेली वाट वेळेवर दुसऱ्याला सांगण्याची बुद्धी आम्हाला दे.

गणपती बाप्पा मोरया!